अब्राहाम लिंकन व राष्ट्राचें देणें

व्यापारी मंडळींस पत म्हणजे काय हें सांगावयास नको. हुंडी लिहिणारा कागदावर दोन ओळी लिहितो. त्या ओळींना किंमत येते ती अक्षरांच्या वळणामुळें नव्हे, तर मुदत भरतांच पैसा हातीं येईल या खात्रीमुळें. मुदत भरली आणि लिहिणारानें पाठ फिरविली, म्हणजे त्याच कागदाची रद्दी होते. दुकानदारींत हा नियम लहान मुलासही कळतो. परंतु राष्ट्रें जेव्हां जाहीरनामे काढतात आणि मनुष्यमात्राच्या समतेचीं वचनें लिहून ठेवितात, तेव्हां त्या लेखांचीही मुदत कधीं ना कधीं भरते, ही गोष्ट चांगले शहाणे लोक विसरतात. ज्या एका पुरुषानें आपल्या राष्ट्राला या देण्याची आठवण स्मशानांत उभें राहून, अवघ्या दोन-तीन मिनिटांत करून दिली, त्या अब्राहाम लिंकनचें चरित्र आज वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे. १९ नोव्हेंबर १८६३ रोजीं गेटिसबर्ग येथें त्यानें केलेलें भाषण अमेरिकेंतील शाळांतून मुलें पाठ म्हणत आलीं आहेत. तें पाठ म्हणणें सोपें आहे. तें कोणत्या आयुष्यांतून आलें, हें समजून घेण्यास थोडे श्रम पडतात.

लिंकनचा जन्म १२ फेब्रुवारी १८०९ रोजीं केंटकी संस्थानांत, लांकडाच्या ओंडक्यांनीं उभारलेल्या एका खोपटांत झाला. बाप टॉमस हा शेतकरी व सुतार. आईचें नांव नॅन्सी. केंटकींत गुलाम बाळगण्याची मोकळीक होती. मुलगा सात वर्षांचा असतां बापानें ओहायो नदी ओलांडून, गुलामगिरी नसलेल्या इंडियाना प्रांतांत बिऱ्हाड नेलें. याला कांहीं अंशीं गुलामगिरी कारण झाली, पण मुख्य कारण केंटकींतील जमिनींच्या हक्कांचा घोळ हें होतें, असें लिंकननेंच पुढें नमूद करून ठेविलें आहे. इंडियानांत १८१८ सालीं, विषारी वनस्पति खाल्लेल्या गाईंच्या दुधापासून होणाऱ्या रोगानें आई वारली. मुलगा त्या वेळीं नऊ वर्षांचा होता. पुढल्याच वर्षीं बापानें सेरा नांवाच्या एका लेंकुरवाळ्या विधवेशीं विवाह केला. या बाईनें सावत्र मुलाच्या वाचनास आडकाठी तर केली नाहींच, उलट त्यास उत्तेजन दिलें. विधवेच्या पुनर्विवाहांत ज्या समाजानें पाप पाहिलें नाहीं, त्या समाजाला एका पोरक्या मुलास आई मिळवून देतां आली, ही गोष्ट जातां जातां ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. शाळा म्हणावी तर ती सारी मिळून एक वर्षभरही लाभली नाहीं. दिवसा कुऱ्हाड चालवावी, नांगर धरावा, कुंपणासाठीं लांकडें फोडावीं, आणि फुरसत सांपडेल तेव्हां उसनीं आणलेलीं पुस्तकें वाचावीं, असें त्याचें बाळपण गेलें.

१८३० सालीं कुटुंब इलिनॉय प्रांतांत गेलें व पुढल्या वर्षीं लिंकन घर सोडून न्यू सेलम नांवाच्या खेड्यांत राहूं लागला. तेथें त्यानें विल्यम बेरी या भागीदाराबरोबर एक दुकान घेतलें. भांडवल बहुतेक उधारीचें, गांव लहान, गिऱ्हाईक थोडें. दुकान लौकरच बुडालें. १८३५ सालीं बेरी मरण पावला, आणि दोघांचें मिळून सुमारें अकराशें डॉलरांचें कर्ज एकट्या लिंकनच्या डोक्यावर आलें. त्या नव्या वसाहतींच्या मुलखांत असा प्रसंग आला म्हणजे मनुष्य रातोरात गांव सोडून पश्चिमेकडे चालता होई, व त्यांत कोणास फारसें नवल वाटत नसे. लिंकन गेला नाहीं. त्यानें गांवाचें टपाल वांटलें, जमिनीच्या मोजणीचें काम शिकून घेतलें. एका धनकोनें हुकूमनामा आणून त्याचीं मोजणीचीं हत्यारें लिलावांत काढिलीं, तेव्हां एका शेजाऱ्यानें तीं विकत घेऊन त्याचीं त्यास परत दिलीं. या कर्जाला तो थट्टेनें राष्ट्रीय कर्ज म्हणत असे. तरी अनेक वर्षें आपल्या मिळकतींतून काढून त्यानें तें फेडलें. मेलेल्या भागीदारानें केलेलें कर्ज आपण कां द्यावें, असा वाद त्यानें घातला नाहीं. पेढीच्या नांवावर सही झाली आहे, पेढींत आपण आहों, तेव्हां देणें आपलें, एवढाच त्याचा हिशेब होता. या माणसाचें पुढील सारें राजकारण समजण्यास ही दुकानाची गोष्ट पुष्कळ उपयोगी पडते.

१८३४ सालीं तो इलिनॉयच्या कायदेमंडळांत निवडून आला. उसनीं पुस्तकें आणून घरच्या घरीं कायद्याचा अभ्यास केला, १८३६ सालीं वकिलीची सनद मिळविली, व दुसऱ्या वर्षीं स्प्रिंगफील्ड शहरीं बिऱ्हाड केलें. १८४२ सालीं मेरी टॉड हिच्याशीं त्याचा विवाह झाला. चार मुलगे झाले. त्यांतील दोघे बापाच्या डोळ्यांदेखत वारले. १८४७ पासून दोन वर्षें तो वॉशिंग्टन येथील लोकसभेचा सभासद होता. गुलामगिरी अन्यायावर उभारलेली आहे, असें त्यानें १८३७ सालींच एका सहकाऱ्याबरोबर कायदेमंडळांत नोंदवून ठेविलें होतें. १८४१ सालीं ओहायो नदींतून आगबोटीनें जात असतां, सहा सहांच्या दोन रांगांत साखळीनें जखडलेले बारा गुलाम त्याच्या दृष्टीस पडले. बायकामुलांपासून तोडून त्यांस दक्षिणेकडे नेण्यांत येत होतें. तो देखावा आपल्या मनास सतत यातना देत आला आहे, असें चौदा वर्षांनंतर त्यानें आपल्या एका मित्राला कळविलें. तो मित्र स्वतः गुलाम बाळगणाऱ्या घराण्यांतला होता, हें सांगितलें म्हणजे त्या पत्राचें मोल कळेल.

आतां मूळ हुंडीकडे वळूं. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांनीं १७७६ सालीं इंग्लंडचें जूं झुगारतांना जो जाहीरनामा काढिला, त्यांत सर्व माणसें समान आहेत हें तत्त्व स्वयंसिद्ध म्हणून मांडिलें होतें. तो मसुदा लिहिणारा टॉमस जेफर्सन हा स्वतः शेंकडों गुलामांचा धनी होता. पुढें १७८७ सालीं जी राज्यघटना तयार झाली, तिच्यांत गुलामगिरीचें नांव टाळून गुलामांच्या धन्यांचे हक्क जपले गेले. म्हणजे वचन एका कागदावर, आणि तें मोडण्याची सवलत दुसऱ्या कागदावर, अशी ही दुहेरी खतावणी होती. १८५४ सालीं एका नव्या कायद्यानें कॅन्सस व नेब्रास्का या नव्या मुलखांत गुलामगिरी आणण्याची वाट मोकळी झाली, तेव्हां वकिलींत रमलेला लिंकन पुन्हां राजकारणांत उतरला. त्याचें म्हणणें थोडक्यांत असें होतें कीं, १७७६ चा जाहीरनामा ही पोकळ शोभा नसून पूर्वजांनीं केलेला करार आहे. त्यांना तो त्या वेळीं पाळतां आला नाहीं, पण म्हणून तो रद्द झाला असें होत नाहीं.

येथें एक गोष्ट झांकून ठेवणें योग्य नव्हे. १८५८ सालीं स्टीफन डग्लस या प्रतिपक्ष्याशीं लिंकनचे सात ठिकाणीं जाहीर वादविवाद झाले. घामाची भाकर खाण्याचा काळ्या माणसाचा हक्क कोणाही गोऱ्या माणसाइतकाच आहे, असें त्यानें तेथें निक्षून सांगितलें. पण काळ्यांस मत देणें, पंचांत बसविणें, गोऱ्यांशीं विवाहाची मोकळीक देणें या गोष्टींस आपण अनुकूल नाहीं, असेंही त्यानें त्याच व्यासपीठावरून सांगितलें. मुक्त झालेल्या गुलामांनीं देशाबाहेर जाऊन वसाहत करावी हा विचार तर १८६२ पर्यंत त्याच्या डोक्यांत होता. फ्रेडरिक डग्लस या स्वतः गुलामगिरींतून निसटलेल्या पुढाऱ्यानें त्याबद्दल लिंकनवर कडक टीका केली, आणि ती योग्यच होती. थोर पुरुषांस जन्मतः निर्दोष ठरविण्याची आपल्याकडे मोठी हौस आहे. त्यामुळें त्यांची पूजा होते, पण त्यांच्यापासून शिकण्यासारखें कांहीं उरत नाहीं. लिंकनची थोरवी ही कीं तो जेथून निघाला तेथेंच थांबला नाहीं.

त्या निवडणुकींत तो हरला. परंतु ६ नोव्हेंबर १८६० रोजीं, चौरंगी लढतींत शेंकडा चाळीसच्या आसपास मतें मिळवून, तो अमेरिकेचा अध्यक्ष निवडला गेला. त्यानें सूत्रें हातीं घेण्यापूर्वींच दक्षिणेकडील सात संस्थानें संघ सोडून निघालीं. १२ एप्रिल १८६१ रोजीं सम्टर किल्ल्यावर तोफा सुटल्या व यादवी युद्धास तोंड लागलें. प्रथम लिंकननें हें युद्ध संघराज्य राखण्यासाठीं म्हणूनच चालविलें. पण गुलाम स्वतःच्या पायांनीं पळून उत्तरेच्या छावण्यांत येऊं लागले, आणि त्यांनीं हा प्रश्न टाळतां येऊं दिला नाहीं. १ जानेवारी १८६३ रोजीं लिंकननें मुक्ततेचा जाहीरनामा काढिला. तो फक्त बंडखोर मुलखापुरता होता. संघाशीं एकनिष्ठ राहिलेल्या संस्थानांतील गुलामांस तो लागू नव्हता. तरी त्या दिवसापासून उत्तरेचें सैन्य जेथें जाईल तेथें गुलामगिरी मोडत गेली, व सुमारें १ लक्ष ८० हजार काळे शिपाई त्या सैन्यांत दाखल झाले.

या युद्धाची एक झळ, किंवा खरें म्हणजे एक ऊब, मुंबईलाही लागली होती. उत्तरेच्या आरमारानें दक्षिणेचीं बंदरें कोंडतांच लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तुटला व इंग्रज व्यापाऱ्यांची नजर हिंदुस्थानाकडे वळली. कापसाचे भाव चढले, मुंबईंत पैशाचा पूर लोटला, प्रेमचंद रायचंद यांच्यासारखे सट्टेवाले गगनास भिडले, समुद्र हटवून जमीन काढण्याच्या कंपन्यांचे भाग वाटेल त्या किंमतीस विकले गेले. १८६५ च्या एप्रिलांत युद्ध संपलें, भाव कोसळले, १ जुलै १८६५ रोजीं वायद्याची मुदत भरली तेव्हां मोठमोठ्या पेढ्या आडव्या झाल्या, आणि पुढें बँक ऑफ बॉम्बे हिलाही गाशा गुंडाळावा लागला. त्याच कापसाच्या दुष्काळांत मँचेस्टर येथील कामकऱ्यांनीं काय केलें, हेंही ताडून पाहावें. त्यांच्या गिरण्या बंद, चुली थंड. तरीही १८६२ च्या अखेरच्या दिवशीं सभा भरवून त्यांनीं लिंकनला पाठिंब्याचें पत्र धाडलें, व लिंकननें पुढल्याच महिन्यांत त्यास कृतज्ञतेचें उत्तर दिलें. ज्यांचा तोटा होत होता त्यांना या युद्धांतील न्याय कोणत्या बाजूस आहे तें दिसलें; ज्यांचा नफा होत होता त्यांनीं तो पाहण्याची तसदी क्वचितच घेतली.

आतां गेटिसबर्ग. पेनसिल्व्हेनिया संस्थानांतील हें सुमारें चोवीसशें वस्तीचें गांव. १८६३ च्या जूनमध्यें दक्षिणेचा सेनापति ली हा सैन्यासह उत्तरेंत घुसला. त्याच्या फौजेच्या तुकड्या वाटेंत सांपडतील त्या काळ्या माणसांस, तीं स्वतंत्र असलीं तरी, धरून गुलाम म्हणून दक्षिणेकडे पाठवूं लागल्या. त्या भीतीनें गेटिसबर्गची काळी वस्ती बहुतेक पळून गेली. १ ते ३ जुलै असे तीन दिवस ली व उत्तरेचा सेनापति मीड यांची लढाई झाली. दोहों बाजूंचे मृत, जखमी, कैद झालेले व बेपत्ता मिळून सुमारें ५१ हजार माणसांची हानि झाली. ली मागें हटला. मागें राहिलें तें उन्हाळ्याच्या उकाड्यांत घाईनें, उथळ पुरलेल्या प्रेतांनीं भरलेलें शिवार. पावसानें माती वाहून हातपाय उघडे पडूं लागले. तेव्हां डेव्हिड विल्स नांवाच्या तेथील वकिलानें संस्थानाचा गव्हर्नर कर्टिन याच्या संमतीनें सुमारें १७ एकर जमीन विकत घेऊन उत्तरेच्या शिपायांसाठीं दफनभूमि करण्याचें काम हातीं घेतलें.

प्रेतें उकरून, कपड्यांवरून व खिशांतील वस्तूंवरून ओळख पटवून, तीं नव्या ठिकाणीं पुरण्याचें हें काम ऑक्टोबरच्या अखेरीस सुरू झालें आणि पुढल्या मार्चपर्यंत चाललें. सुमारें साडेतीन हजार शिपाई तेथें पुरले गेले. त्यांतील हजाराच्या आसपास लोकांचीं नांवें कधींच कळलीं नाहींत. हें काम कोणीं केलें? बेसिल बिग्ज नांवाच्या काळ्या शेतकऱ्यानें व त्याच्या हाताखालच्या काळ्या मजुरांनीं. लढाईपूर्वीं याच बिग्जला जीव घेऊन गांव सोडावें लागलें होतें. ज्यांच्यासाठीं भाषणें होणार होतीं ते मृत, आणि ज्यांच्या हक्कांसाठीं युद्ध पेटलें होतें ते फावडें घेऊन खालीं खड्ड्यांत उभे, हें चित्र गेटिसबर्गची गोष्ट सांगणाऱ्यांनीं फार दिवस गाळलें. मढीं उचलण्याचें काम कोणाच्या वांट्यास येतें, हें आपल्या देशांतील वाचकांस निराळें सांगण्याची गरज नाहीं.

समारंभाचा मुख्य वक्ता लिंकन नव्हता. हार्वर्ड विद्यापीठाचा माजी अध्यक्ष, माजी गव्हर्नर, माजी परराष्ट्रमंत्री आणि त्या काळचा नामांकित वक्ता एडवर्ड एव्हरेट याला सप्टेंबरांतच आमंत्रण गेलें होतें. त्याच्या तयारीसाठीं समारंभाचा दिवसही पुढें ढकलला गेला. लिंकनला लेखी आमंत्रण २ नोव्हेंबरचें, आणि तेंही अखेरीस चार समयोचित शब्द बोलण्याचें. आगगाडींत बसल्या बसल्या पाकिटाच्या पाठीवर त्यानें हें भाषण खरडलें, अशी एक कथा पुष्कळ पुस्तकांत फिरत असते. ती खोटी आहे. वॉशिंग्टन सोडण्यापूर्वींच त्यानें लिहावयास आरंभ केला होता, व १८ तारखेच्या रात्रीं विल्सच्या घरीं त्यावर शेवटचा हात फिरविला. घरीं धाकटा मुलगा आजारी होता, तरी तो निघाला. विचार करून लिहिलेल्या मजकुरास चमत्कार ठरविण्यांत आळशी माणसांची मोठी सोय असते. म्हणून अशा कथा टिकतात.

१९ तारखेस सुमारें पंधरा हजार लोक जमले. दफनाचें काम निम्मेंही उरकलें नव्हतें. एव्हरेट दोन तास बोलला, व चांगलें बोलला. त्यानंतर लिंकन उठला. दहा वाक्यें, सुमारें २७२ शब्द, दोन-तीन मिनिटें, कीं भाषण संपलें. त्यांत गेटिसबर्गचें नांव नाहीं, शत्रूला शिवी नाहीं, विजयाची बढाई नाहीं, सेनापतीचें कौतुक नाहीं, स्वतःचा उल्लेख नाहीं. गुलामगिरी हा शब्दसुद्धां नाहीं. मग त्यांत होतें काय? पहिल्याच वाक्यांत त्यानें सत्त्याऐशीं वर्षें मागें मोजलीं. १८६३ तून सत्त्याऐशीं वजा केले म्हणजे १७७६ उरतात. म्हणजे राष्ट्राचा जन्म त्यानें राज्यघटनेपासून धरला नाहीं, तर समतेच्या जाहीरनाम्यापासून धरला. अशा वचनावर उभारलेलें राष्ट्र टिकूं शकतें किंवा नाहीं, याची ही लढाई म्हणजे कसोटी आहे, असें तो म्हणाला. ही भूमि पवित्र करण्याचा अधिकार आम्हां बोलणारांस नाहीं, येथें झुंजलेल्यांनीं तें काम आधींच केलें आहे. आमच्या वांट्याला त्यांचें अपुरें राहिलेलें काम आलें आहे, असें सांगून स्वातंत्र्याचा नवा जन्म झाला पाहिजे व लोकांची सत्ता पृथ्वीवरून नाहींशी होतां कामा नये, या निश्चयावर त्यानें शेवट केला. मेलेल्या भागीदाराचें कर्ज अंगावर घेणारा न्यू सेलमचा तो दुकानदार आतां साऱ्या राष्ट्रास सांगत होता कीं, पूर्वजांची सही तुमच्यावर बंधनकारक आहे.

वर्तमानपत्रांनीं या भाषणाचें काय केलें, हें आम्हां पत्रकर्त्यांनीं विशेष ध्यानांत ठेवावें. कित्येकांनीं स्तुति केली. शिकागो येथील एका विरोधी पत्रानें मात्र भाषणाची हेटाळणी करून असा आक्षेप घेतला कीं, राज्यघटनेंत समतेचा शब्द नाहीं. शिपाई मेले ते घटनेसाठीं. काळ्यांच्या समतेसाठीं ते मेले असें म्हणणें हा त्यांचा अपमान आहे. हा आक्षेप दुष्ट होता, पण मूर्खपणाचा नव्हता. लिंकननें हिशेबाची कोणती वही उघडली, हें त्याच्या मित्रांपेक्षां या शत्रूस अधिक स्पष्ट दिसलें. हॅरिसबर्गच्या एका पत्रानें तर हे शब्द क्षुल्लक ठरवून ते विस्मृतींत जावोत अशी इच्छा केली. त्याच्या आजच्या वारसपत्रानें २०१३ सालीं, म्हणजे दीडशें वर्षांनीं, तो अभिप्राय रीतसर मागें घेतला. एव्हरेट मात्र दुसऱ्याच दिवशीं लिंकनला पत्र लिहून मोकळा झाला: आपण दोन तासांत प्रसंगाच्या गाभ्याच्या जितके जवळ गेलों, तितकेच जवळ लिंकन दोन मिनिटांत गेला असें वाटून घेतां आलें तरी आपल्यास आनंद होईल, असा त्याचा आशय होता. स्वतःच्या कीर्तीच्या शिखरावर असतां असें लिहिणारा मनुष्यही लहान नव्हे. लिंकनच्या हातच्या या भाषणाच्या पांच प्रती आज उपलब्ध आहेत; त्यांतील पुढल्या तीन, जखमी शिपायांच्या मदतफंडासारख्या कामासाठीं इतरांनीं मागितल्या म्हणून त्यानें पुन्हां लिहून दिल्या.

परततांना लिंकनला देवी आल्या. त्या सौम्य होत्या. त्याच्याबरोबर गेटिसबर्गला गेलेला काळा सेवक विल्यम जॉन्सन यालाही देवी आल्या व १८६४ च्या जानेवारींत तो वारला. त्याच सालीं लिंकन पुन्हां निवडून आला. आपला जाहीरनामा युद्धकालीन हुकूम असून पुढें कोर्टांत टिकेलच असें नाहीं, हें तो वकील असल्यामुळें जाणून होता. म्हणून गुलामगिरी समूळ नष्ट करणारी तेरावी घटनादुरुस्ती लोकसभेंत मंजूर व्हावी यासाठीं त्यानें आपलें सारें वजन खर्ची घातलें, व ३१ जानेवारी १८६५ रोजीं ती मंजूर झाली. ९ एप्रिलला ली शरण आला. ११ तारखेस लिंकननें जाहीरपणें सांगितलें कीं, शिकलेल्या व शिपाईगिरी केलेल्या काळ्या लोकांस तरी मत असावें हें आपल्यास इष्ट वाटतें. १८५८ सालीं जेथें तो अडला होता तेथून तो इतका पुढें आला होता. ऐकणाऱ्यांत जॉन विल्क्स बूथ नांवाचा एक नट होता. त्यानें १४ तारखेच्या रात्रीं नाटकगृहांत लिंकनवर पिस्तूल झाडलें. दुसऱ्या दिवशीं सकाळीं लिंकनचा प्राण गेला. वय ५६ वर्षांचें. ज्या वाक्यानें मारेकरी चवताळला तें वाक्य मताधिकाराचें होतें, हें विसरूं नये.

देणें फिटलें काय? घटना दुरुस्त झाली. १८६८ सालीं नागरिकत्व व १८७० सालीं मताधिकार कागदावर आला. पण १८७७ सालीं उत्तरेनें दक्षिणेंतील आपलें सैन्य काढून घेतलें, आणि कायद्याच्या व दहशतीच्या जोरावर तेथील काळ्यांचीं मतें हिरावलीं गेलीं. १८९६ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें आगगाडींतील निराळे डबे घटनेस धरून आहेत असें ठरविलें. १९१३ सालीं गेटिसबर्गच्या लढाईस पन्नास वर्षें झालीं म्हणून दोहों बाजूंचे हजारों वृद्ध शिपाई तेथें गळ्यांत गळा घालून भेटले. त्याच वर्षीं वॉशिंग्टनच्या सरकारी कचेऱ्यांतून काळ्या नोकरांस वेगळें बसविण्याचा क्रम वाढला. गोऱ्यांचा गोऱ्यांशीं समेट झाला, आणि त्याची किंमत तिसऱ्याच्या खात्यांतून वळती केली गेली. २८ ऑगस्ट १९६३ रोजीं मार्टिन ल्यूथर किंग यांनीं लिंकनच्याच स्मारकाच्या पायऱ्यांवर उभें राहून, राष्ट्रानें काळ्या नागरिकांस दिलेला धनादेश वटला नाहीं, असा दृष्टांत दिला. त्यानंतर १९६४ व १९६५ सालीं नागरी हक्कांचे व मताधिकाराचे कायदे झाले. शंभर वर्षांची थकबाकी. आणि व्याजासह ती आजही पुरती वसूल झाली आहे, असें तेथील विचारी लोक म्हणत नाहींत.

पुण्यास या घडामोडींची खबर वेळींच लागली होती. जोतीराव फुले यांनीं १८७३ सालीं आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला, तो अमेरिकेंतील गुलामांस मुक्त करण्यासाठीं झटलेल्या तेथील सज्जनांस अर्पण केला. अमेरिकेची गोष्ट वाचून नुसतें हळहळणारे तेव्हांही पुष्कळ असतील. जोतीरावांनीं ती वाचून आपल्या घरची वही उघडली. त्यापूर्वींच, १८६८ सालीं, त्यांनीं आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांस खुला केला होता. पुढें आपणही एक मोठा कागद लिहिला. २६ जानेवारी १९५० पासून अंमलांत आलेल्या राज्यघटनेनें सर्वांस समान मानिलें व सतराव्या कलमानें अस्पृश्यता नष्ट केली. राजकारणांत समता आणि समाजांत विषमता असा विरोध आपण फार काळ चालू ठेविला तर लोकशाहीच धोक्यांत येईल, असा इशारा डॉ. आंबेडकर यांनीं २५ नोव्हेंबर १९४९ रोजीं घटनासमितींत दिला होता.

आमच्या नगरवासी व व्यापारी वाचकांस आमचा प्रश्न साधा आहे. ज्या हातांनीं आपण घटनेच्या उद्देशिकेचा तक्ता दुकानांत टांगतों, त्याच हातांनीं भाडेकरूचें आडनांव पाहून घर नाकारतों कीं नाहीं? मुलीसाठीं स्थळ पाहतांना वर्तमानपत्रांत जातीचे रकाने चाळतों कीं नाहीं? माणसांकडून मैला साफ करून घेण्यास १९९३ व २०१३ सालच्या कायद्यांनीं बंदी असतां, गटारांत गुदमरून माणसें मरतात तेव्हां तीं बहुधा कोणत्या जातींचीं असतात, हें आपण विचारतों काय? हें देणें पूर्वजांनीं केलें, आमचा त्यांत काय दोष, असें उत्तर येईल. न्यू सेलमच्या दुकानदारालाही हें उत्तर देतां आलें असतें. पेढीचा नफा, मान व नांव वारशानें घेणारानें तिचें कर्ज तेवढें नाकारावें, ही रीत बाजारांत चालत नाहीं. समाजांत ती कां चालावी? दिवाळींत वहीपूजन होईल, नव्या वहीवर कुंकू वाहिलें जाईल. त्या वहींत पहिली नोंद मागील बाकीची ओढावी लागते, हें प्रत्येक मुनीम जाणतो. यंदा ती ओढतांना वर सांगितलेल्या तीन रकमांपैकीं निदान एक तरी आपल्या घरच्या खात्यावर लिहून घ्यावी, आणि पुढल्या दिवाळीपूर्वीं तिच्यांतील कांहीं भाग फेडल्याची नोंद तिच्यासमोर पडावी, एवढी आमची सूचना आहे.